पेटंटचा कज्जा आणि शेअरचा भाव

गेल्या पावसाळ्यांत नववीच्या वर्गांत नफा-तोट्याचीं उदाहरणें चाललीं असतां एका विद्यार्थ्यानें उभें राहून आम्हांस एक प्रश्न विचारला. त्याच्या हातीं घरांतल्या जुन्या वर्तमानपत्राचें एक कात्रण होतें. एका परदेशी कंपनीनें पेटंटच्या खटल्यांत प्रतिपक्षास साठ कोटींहून अधिक डॉलर देण्याचें कबूल केलें, आणि ती बातमी फुटतांच तिच्या शेअरचा भाव एकदम चढला, असा त्यांत मजकूर होता. "सर, पैसे गेले म्हणजे तोटा झाला ना? मग भाव उतरावयास हवा. हें चुकून छापलें आहे काय?" असें त्यानें विचारलें. आम्हीं क्षणभर विचार केला, मुद्रणदोष असावा असें सांगितलें, आणि पुढचें उदाहरण फळ्यावर लिहिलें. घरीं गेल्यावर मात्र आम्हांस चैन पडेना. शोध करतां आढळून आलें कीं, कात्रण बरोबर होतें. चूक आमची होती. दुसऱ्या दिवशीं वर्गांत तसें कबूल करणें प्राप्त झालें.

त्या प्रश्नाचें उत्तर शोधतांना जें जें हातीं लागलें, तें विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें मांडण्याचा आमचा विचार आहे. पालकांपुढें अशासाठीं कीं, हल्लीं पुष्कळ घरांत मुलांच्या शिक्षणासाठीं राखलेला पैसा शेअरांत घातला जातो, आणि केवळ सकाळची बातमी वाचून तो घालणारे व काढणारे गृहस्थ आमच्या पाहण्यांत आहेत.

प्रथम दोन शब्दांचा अर्थ नीट समजून घेऊं. कोणीं एखादें नवें यंत्र किंवा नवी युक्ति शोधून काढली, तर ती त्यानें गुप्त न ठेवतां सरकारदरबारीं सविस्तर लिहून द्यावी, आणि त्याच्या मोबदल्यांत ठराविक वर्षें त्याच्या परवानगीवांचून ती दुसऱ्या कोणीं करूं नये, वापरूं नये वा विकूं नये, असा हक्क त्यास मिळावा, या देवघेवीचें नांव पेटंट. आपल्या देशांत आज ही मुदत अर्जाच्या तारखेपासून वीस वर्षांची आहे. ती संपली कीं, युक्ति सर्वांची होते. हा हक्क शेताच्या बांधासारखा आहे खरा. परंतु शेताचा बांध मातीचा असतो, आणि हा बांध शब्दांचा असतो. शब्दांचा अर्थ कोठपर्यंत पोंचतो याविषयीं दोन शहाणीं माणसें प्रामाणिकपणें निरनिराळें मत देऊं शकतात. म्हणूनच पेटंटचे कज्जे इतके लांबतात आणि त्यांचा शेवट आधीं कोणासच छातीठोकपणें सांगतां येत नाहीं.

शेअर म्हणजे कंपनीच्या मालकीचा एक लहानसा वांटा. त्याचा भाव कशावर ठरतो? कंपनीच्या तिजोरींत आज काय आहे एवढ्यावरच नव्हे, तर ती पुढें काय मिळवील याच्या अंदाजावर. कोंकणांत आंब्याच्या बागेचा सौदा व्यापारी मोहर पाहूनच करतो. त्या वेळीं झाडावर एकहि आंबा पिकलेला नसतो. तरी पैसे आजच मोजले जातात, आणि पुढें अवकाळी पाऊस पडेल हें भयहि त्याच किंमतींत धरलेलें असतें. शेअरचा भाव हा असा मोहरावरचा सौदा आहे. एवढें ध्यानीं ठेविलें म्हणजे पुढील गोष्टी कठीण वाटणार नाहींत.

आतां त्या कात्रणांतील कंपनीकडे वळूं. कॅनडा देशांतील ऑंटॅरिओ प्रांतांत वॉटर्लू नांवाचें शहर आहे. तेथील रिसर्च इन मोशन या कंपनीनें 'ब्लॅकबेरी' नांवाचें हातांत मावणारें एक यंत्र काढलें होतें. त्यावर ई-मेल चालतां-बोलतां मिळे, आणि तेव्हां हें मोठें अपूर्व वाटे. अमेरिकेंत व्यापारी, वकील व सरकारी अधिकारी त्याच्यावांचून पाऊल टाकीनासे झाले. इ. स. २००१ सालीं व्हर्जिनिया संस्थानांतील एन. टी. पी. नांवाच्या एका लहान कंपनीनें तिच्यावर फिर्याद गुदरली. ही कंपनी स्वतः कांहीं बनवीत नसे. बिनतारी मार्गानें ई-मेल पाठविण्याविषयीं थॉमस कँपाना नांवाच्या इंजिनिअरानें मिळविलेलीं पेटंटें, एवढीच तिची दौलत होती. २००२ सालीं पंचांनीं तिच्या बाजूनें निर्णय दिला. पुढें न्यायाधीशांनीं भरपाईची रक्कम वाढवून सुमारे ५ कोटी ३७ लाख डॉलर ठरविली, आणि २००३ सालीं ब्लॅकबेरीचा अमेरिकेंतील व्यवहारच बंद करावा असा मनाई हुकूम दिला. अपील चालू असल्यामुळें तो हुकूम तहकूब राहिला, इतकेंच.

वाचकहो, येथें थोडें थांबून विचार करा. पांच कोटींची भरपाई त्या कंपनीस सहज झेपली असती. तिचा प्राण कंठाशीं आणला तो मनाई हुकुमानें. धंद्याचा मोठा भाग अमेरिकेंत, आणि तेथेंच यंत्रें मुकीं होणार! अमेरिकन सरकाराससुद्धां काळजी पडली. आपल्या अधिकाऱ्यांचीं यंत्रें तरी चालूं ठेवावीं, अशी विनंति सरकारनें न्यायालयास केली. मधल्या काळांत पेटंट-कचेरीनें एन. टी. पी. च्या पेटंटांची फेरतपासणी चालविली होती, आणि तीं रद्द ठरण्याचीं चिन्हें दिसत होतीं. म्हणजे एका सरकारी दालनांत बांध मोडण्याचें काम चाललें होतें, आणि दुसऱ्या दालनांत त्याच बांधाच्या आधारें बंदीचा हुकूम निघत होता! मार्च २००५ मध्यें ४५ कोटी डॉलरांवर झालेली तडजोड त्याच वर्षीं फिसकटली. जानेवारी २००६ मध्यें अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें लक्ष घालण्याचें नाकारलें, आणि अखेर ३ मार्च २००६ रोजीं ६१ कोटी २५ लाख डॉलर देऊन कंपनीनें तंटा कायमचा मिटविला. हीं पेटंटें पुढें रद्द झालीं तरी ही रक्कम परत मिळावयाची नव्हती. भाव उसळला तो या दिवशीं. ज्याच्या बुद्धीची ही दौलत, ते कँपाना २००४ सालींच वारले होते.

भाव कां उसळला, हें गणितानें पाहूं. पुढील आंकडे केवळ कल्पित आहेत. समजा, खटला नसता तर एका शेअरची किंमत १००० रुपये असती. मनाई हुकूम अंमलांत आला तर ती २०० राहील. दोहोंपैकीं काय होईल हें कोणास ठाऊक नाहीं. दोन्ही गोष्टी सारख्याच संभवनीय वाटतात. तर निकालापूर्वीं समंजस मनुष्य त्या शेअरला हजारांचा अर्धा पांचशें आणि दोनशेंचा अर्धा शंभर, मिळून ६०० रुपये देईल. आतां कंपनीनें दर शेअरमागें १०० रुपये खर्च करून तंटा मिटविला. भय गेलें, हजारांतून शंभर वजा जातां ९०० उरले. शंभर रुपये खिशांतून गेले, आणि भाव तीनशेंनीं वाढला! आमच्या विद्यार्थ्याच्या प्रश्नांत एवढेंच न्यून होतें कीं, त्यानें गेलेले पैसे मोजले, गेलेलें भय मोजलें नाहीं. आमच्या उत्तरांत तर दोन्हीहि नव्हतीं.

याच्या उलट प्रकार पोलरॉइड व कोडॅक या दोन अमेरिकन कंपन्यांच्या कज्ज्यांत घडला. एडविन लँड यांच्या पोलरॉइड कंपनीचा कॅमेरा फोटो काढल्यावर थोड्याच वेळांत छापून हातांत देत असे. १९७६ सालीं कोडॅकनें तसाच कॅमेरा बाजारांत आणतांच पोलरॉइडनें फिर्याद केली. नऊ वर्षांनीं, १९८५ सालीं, न्यायालयानें कोडॅकनें पेटंटांचा भंग केल्याचें ठरविलें, आणि जानेवारी १९८६ मध्यें कोडॅकला तो धंदा सोडावा लागला. भरपाई किती, हें ठरावयास आणखी जवळजवळ पांच वर्षें लागलीं. ऑक्टोबर १९९० मध्यें सुमारे ९१ कोटी डॉलरांचा निकाल झाला. पेटंटच्या खटल्यांत एवढी रक्कम तोंवर क्वचितच कोणीं ऐकली असेल. जिंकणाऱ्या पोलरॉइडचे भागधारक आनंदानें नाचले असतील, असें वाचकांस वाटेल. प्रत्यक्षांत त्या कंपनीचा भाव कोसळला, आणि हरणाऱ्या कोडॅकचा चढला! कारण असें कीं, पोलरॉइडची मागणी अब्जावधी डॉलरांची होती, आणि बाजारानें याहून पुष्कळ मोठ्या रकमेचा अंदाज बांधून तो आधींच भावांत घातला होता. ज्यास शंभर गुणांची आशा, त्यास पंच्याहत्तर मिळाले तर घरांत सुतक. ज्यास नापास होण्याची धास्ती, तो चाळीसांवर पेढे वांटतो. परीक्षेच्या निकालाच्या दिवशीं हा देखावा आम्ही दरवर्षीं पाहतों. आमच्या पालकवर्गासहि तो अपरिचित नसावा. पुढल्या वर्षीं ९२ कोटी ५० लाख डॉलरांवर त्या दोन कंपन्यांनीं हा तंटा संपविला. दहा वर्षांनीं पोलरॉइडनें दिवाळखोरीचा अर्ज केला, व २०१२ सालीं कोडॅकनेंहि. दोघींचा व्यवसाय नव्या तऱ्हेच्या कॅमेऱ्यांनीं बुडविला. त्या संकटावर कोणतेंहि पेटंट चाललें नाहीं.

ॲपल व सॅमसंग यांचें भांडण विद्यार्थ्यांस ऐकून ठाऊक असेल, म्हणून तें थोडक्यांत सांगतों. शुक्रवार, ता. २४ ऑगस्ट २०१२ रोजीं कॅलिफोर्नियांतील पंचांनीं सॅमसंगला सुमारे १०५ कोटी डॉलर भरपाई ठरविली. सोमवारीं कोरियाची राजधानी सोल येथें बाजार उघडतांच सॅमसंगचा भाव पडूं लागला, आणि दिवसअखेर तो शेंकडा साडेसात उतरला. सर्व शेअरांचें मिळून मोल सुमारे १२०० कोटी डॉलरांनीं घटलें. भरपाई एकशें पांच कोटींची आणि घट बाराशें कोटींची! अधिकचें जें मोल उतरलें, तें भयापोटीं : फोन विकण्यासच बंदी होईल, भरपाई तिप्पट होईल, इतर देशांतहि हेंच घडेल. पुढें डिसेंबरांत न्यायाधीशांनीं विक्रीवर बंदी घालण्याचें नाकारलें, आणि जानेवारी २०१३ मध्यें सॅमसंगचा भाव पूर्वीं कधींहि नव्हता इतका वर गेला. खटला मात्र २०१८ पर्यंत चालला. ज्यांनीं त्या सोमवारीं घाबरून शेअर विकले, त्यांचें नुकसान कायमचें झालें.

या तीन उदाहरणांनीं कोणाची अशी समजूत होऊं नये कीं, कज्ज्याचा भावावर होणारा परिणाम नेहमीं क्षणिक असतो. कधीं कधीं एका कज्ज्यानें एखाद्या कंपनीचें भाग्य पिढ्यान्पिढ्या ठरून जातें. टेलिफोनचें उदाहरण घ्या. अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल हे बहिऱ्या-मुक्यांचे शिक्षक होते. (शिक्षकाचा उल्लेख करावयास आम्हांस अर्थातच आनंद वाटतो.) त्यांच्या वतीनें १४ फेब्रुवारी १८७६ रोजीं पेटंटचा अर्ज कचेरींत दाखल झाला, आणि त्याच दिवशीं एलिशा ग्रे नांवाच्या दुसऱ्या संशोधकानेंहि अशाच शोधाची सूचना कचेरीस दिली. बेल यांस ७ मार्च रोजीं पेटंट मिळालें. तेव्हां अमेरिकेंत तारायंत्राचा बहुतेक सर्व व्यापार वेस्टर्न युनियन या बलाढ्य कंपनीच्या हातीं होता. तिनें ग्रे व एडिसन यांचे शोध हाताशीं धरून आपला टेलिफोन सुरू केला. एडिसनच्या यंत्रांत आवाज अधिक स्पष्ट येई, पैसा अपार, तारा गांवोगांव पोंचलेल्या. तिच्यापुढें बेलची नवी कंपनी म्हणजे हत्तीपुढें शेळी.

बेलच्या कंपनीनें सप्टेंबर १८७८ मध्यें वेस्टर्न युनियनच्या पीटर डाऊड नांवाच्या एजंटावर फिर्याद केली. साक्षीपुरावे चालूं असतां वेस्टर्न युनियनचे वकील जॉर्ज गिफर्ड यांची स्वतःचीच खात्री पटली कीं, बेलचें पेटंट भक्कम आहे, आणि त्यांनीं आपल्या अशिलास तडजोडीचा सल्ला दिला. आपल्या पक्षाचा दुबळेपणा आपल्याच धन्यास स्पष्ट सांगणारा वकील आम्हांस या सर्व कथेंत अधिक थोर वाटतो. १० नोव्हेंबर १८७९ रोजीं करार झाला. वेस्टर्न युनियननें टेलिफोनचा धंदा सोडला, ५५ शहरांतील सुमारे ५६ हजार टेलिफोन बेलच्या स्वाधीन केले, आणि पेटंटाची मुदत असेतों टेलिफोनच्या भाड्याचा शेंकडा वीस हिस्सा घेण्यावर समाधान मानलें. त्या वर्षींच्या आरंभीं ज्या शेअरला शंभर डॉलरहि येत नव्हते, त्याचा भाव आतां जवळजवळ हजारावर गेला. हा चढ एका दिवसाचा नव्हे. तडजोडीचा वास लागतांच उन्हाळ्यापासूनच भाव वर जाऊं लागला होता. कराराच्या बातमीनें केवळ शेवटची पायरी गांठली.

भाव आणि कज्जा यांचें नातें एवढ्यावरच संपत नाहीं. कज्ज्यामुळें भाव बदलतो, तसा भाव वाढावा म्हणून कज्जा उभा करतां येतो, आणि आमच्या मतें हीच या विषयाची काळी बाजू होय. बेलच्या वैभवाकडे पाहून पॅन-इलेक्ट्रिक नांवाची एक कंपनी निघाली. तिच्याजवळ टेलिफोनचीं कांहीं पेटंटें होतीं, पण बेलचें पेटंट जिवंत असेतों तीं वापरणें अशक्य. म्हणजे तिचे शेअर केवळ कागद. तिनें ते कागद वजनदार पुढाऱ्यांस फुकट वांटले. सेनेटर ऑगस्टस गार्लंड यांच्या वांट्यास एकदशांश हिस्सा आला. १८८५ सालीं हेच गार्लंड अमेरिकेचे ॲटर्नी-जनरल, म्हणजे सरकारचे सर्वांत वरिष्ठ कायदेअधिकारी झाले. आतां सरकारनेंच फिर्याद करून बेलचें पेटंट रद्द करवावें, असा अर्ज त्या कंपनीनें केला. गार्लंड यांनीं स्वतः नकार दिला; परंतु ते रजेवर असतां त्यांच्या हाताखालील अधिकाऱ्यानें परवानगी दिली. केवढा गहजब झाला! वर्तमानपत्रांनीं रान उठविलें, अध्यक्ष क्लीव्हलंड यांनीं प्रकरण फेरविचारास घातलें, आणि १८८६ सालीं काँग्रेसच्या समितीनें चौकशी केली. समितीच्या बहुमतानें गार्लंड यांस दोषमुक्त केलें. त्यांनीं सही केली नाहीं हें खरें. पण ज्या कागदाचें मोल आपल्याच खात्याच्या निर्णयानें शून्याचें लाख होऊं शकतें, तो कागद त्यांनीं पेटींत ठेवलाच कां, याचें समाधानकारक उत्तर आम्हांस मिळालें नाहीं. १८८८ सालीं सर्वोच्च न्यायालयानें दुसऱ्या खटल्यांत चार विरुद्ध तीन मतांनीं बेलचें पेटंट कायम केलें. एका न्यायाधीशाचें मत फिरतें तर? त्या एका मतावर किती कुटुंबांची पुंजी टांगलेली होती, याची कल्पनाच करावी.

आतां एक घरगुती हकीकत सांगून लेख आटोपता घेतों. पालक-सभेच्या दिवशीं एका विद्यार्थिनीचे वडील आम्हांस भेटले. एका कंपनीनें पेटंटचा दावा जिंकल्याची बातमी वाचून त्यांनीं मुलीच्या कॉलेजसाठीं राखलेल्या रकमेंतून तिचे शेअर घेतले होते, आणि भाव उलट खालीं आला होता. "मी तर जिंकणाऱ्याचे घेतले हो," असें ते पुनःपुन्हां म्हणत होते. आम्हीं त्यांस पोलरॉइडची हकीकत सांगितली. ती ऐकून ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "म्हणजे मीं जी बातमी विकत घेतली, ती माझ्याआधीं साऱ्यांनीं घेऊन झाली होती." याहून नेमकें आम्हांसहि सांगतां आलें नसतें. पुढें काय करावें, असेंहि त्यांनीं विचारलें. तो अधिकार आमचा नव्हे, असें आम्हीं स्पष्ट सांगितलें. मात्र फीची तारीख जवळ आहे कीं दूर, आणि कंपनीचा सारा धंदा त्या एकाच पेटंटावर आहे कीं काय, एवढे दोन प्रश्न तरी शेअर विकण्यापूर्वीं स्वतःस विचारावे, असें सुचविलें.

कात्रण आणणारा तो विद्यार्थी मागाहून पुन्हां आला. आमचें सहाशें-नऊशेंचें उदाहरण त्यानें वहींत घरीं करून पाहिलें होतें. मनाई हुकुमाचा संभव निम्मा न धरतां त्यानें वीसांत एक धरला. तेव्हां निकालापूर्वींचा भाव ९६० आला, आणि शंभर रुपये देऊन तडजोड केल्यावर ९००. "सर, या वेळीं पैसे दिल्यावर भाव साठांनीं उतरला. म्हणजे तुमचें पहिलें उत्तरहि कधीं कधीं बरोबर येईल," असें तो म्हणाला. आम्हीं गणित दोनदां तपासलें. तें बरोबर होतें.